'म्यूरल'ला भित्तिचित्र म्हणावं का?

सांजवात
एका दिवाळी अंकासाठी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरावरचा इंग्रजी लेख मराठीत करते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. तिथल्या म्यूरल्सना मी सरळ 'भित्तिचित्रं' लिहिलं. संपादकांनी समासात शेरा मारला, 'अजिंठा वाटतंय.' खोटं नाही. भित्तिचित्र म्हटलं की पद्मपाणी, फार तर मेणवलीचा वाडा. इथे शँकिल रोडकडच्या वस्तीत घराच्या भिंतीवर तोंड झाकलेला बंदूकधारी आहे. नळी अशी रंगवली आहे की कुठेही उभे राहा, ती तुमच्यावरच रोखलेली. लोकांनी त्याचं नाव 'मोनालिसा' ठेवलं.
दुसरं, ही चित्रं घरांच्या रांगेतल्या शेवटच्या घराच्या उघड्या, बिनखिडकीच्या, वर त्रिकोणी होत जाणाऱ्या भिंतीवर काढतात. इंग्रजीत गेबल. मराठीत?
तिसरं, माझं हे वाक्य वाचा: 'रिपब्लिकन वस्त्यांतली चित्रं आणि निष्ठावंतांच्या गल्ल्यांतली चित्रं वेगळी ओळखू येतात.' (रिपब्लिकन म्हणजे ब्रिटनपासून सुटून आयर्लंडशी जोडलं जाऊ पाहणारे; निष्ठावंत म्हणजे ब्रिटनसोबतच राहू पाहणारे 'लॉयलिस्ट'.) भावाला दाखवलं तर म्हणाला, हे घाटकोपरबद्दल आहे का?

पंतोजी
भित्तिचित्रच. आणि तुम्ही 'त्ति' ऱ्हस्व लिहिलीत याबद्दल आधी अभिनंदन. वर्तमानपत्रं सर्रास 'भित्तीचित्र' छापतात. तत्सम समासात पहिलं पद मूळ रूपातच राहतं, हे शाळेत शिकवलं जायचं. अजिंठा आठवतो हा शब्दाचा दोष नाही. 'गाणं' म्हटलं की सगळ्यांना बालगंधर्वच आठवतात का?

वडाप
पंतोजी, आमच्याकडं कोण भित्तिचित्र म्हणत नाही, ऱ्हस्व पण नाही अन् दीर्घ पण नाही. कॉलेजात असताना एका पेंटरच्या हाताखाली होतो. इलेक्शन लागायच्या आधीच कार्यकर्ता सांगून जायचा, अमक्याच्या गोठ्याची भिंत धरून ठेवा. मग दोन हात चुना मारायचा, कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि 'राखीव'. चित्र निवांत नंतर. त्या चुन्यावर दुसऱ्यानं चुना मारला की राडा ठरलेला. बेलफास्टात चाललंय ते हेच की. 'रंगवलेल्या भिंती' लिहा, सगळ्यांना कळतंय.

डब्लिनकर
वडाप, निम्मं बरोबर. तिथली भिंत निवडणुकीपुरती नसते. पहिलं असं चित्र १९०८ सालचं सांगतात, पूर्व बेलफास्टमध्ये बीअर्सब्रिज रोडवर: पांढऱ्या घोड्यावरचा राजा विल्यम, म्हणजे १६९० ची बॉइनची लढाई, त्या प्रोटेस्टंट राजाने कॅथलिक राजा जेम्सवर मिळवलेला विजय. दर बारा जुलैच्या, म्हणजे त्या विजयाच्या उत्सवाच्या आसपास जुनी चित्रं नव्याने रंगवायची रीत. दुसऱ्या, म्हणजे रिपब्लिकन बाजूची चित्रं खऱ्या अर्थाने फोफावली ती त्यांच्या कैद्यांच्या १९८१ च्या तुरुंगातल्या उपोषणानंतर. फॉल्स रोडवर सेवास्तोपोल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्या उपोषणात गेलेल्या बॉबी सँड्सचा हसरा चेहरा आहे, पर्यटक तिथे रांगेने फोटो काढतात. पण हद्द कळायला चित्राचीही गरज नाही. फूटपाथच्या कडेचे दगड बघा. लाल-पांढरे-निळे असले तर निष्ठावंतांची बाजू, हिरवे-पांढरे-नारिंगी असले तर रिपब्लिकनांची.
अवांतर: हल्ली बरीच चित्रं भिंतीवर नसतातच. फळ्यांवर रंगवतात आणि फळ्या भिंतीला ठोकतात. मग भित्तिचित्र कसं काय?

पंतोजी
ठोकली की भिंतीचीच. तसबीर आणि भित्तिचित्र यांतला फरक खिळ्याचा नसतो.

राधा_ऐरोली
पण मग तो फरक कशाचा असतो? असो. मला 'उपोषण' खटकतंय. आपल्याकडे उपोषण म्हटलं की मंडप, सतरंजी, लोड, आणि शेवटी कुणा मंत्र्याच्या हातून मोसंबीचा रस. सँड्स ६६ दिवसांनी, ५ मे १९८१ ला गेला. खासदार म्हणून निवडून आला होता तोवर, वय २७. त्याच्यामागून आणखी नऊ जण. 'अन्नत्याग' लिहावं.

पंतोजी
अन्नत्याग ही सोवळ्यातली गोष्ट झाली. 'प्राणांतिक उपोषण' हा जुना, नेमका शब्द आहे. 'आमरण' नंतर बोकाळला. जतींद्रनाथ दास १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांनी गेले, त्यालाही आपण उपोषणच म्हणतो, आणि तिथे कुणाला मोसंबी आठवत नाही. त्याआधी १९२० मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कचे महापौर मॅकस्विनी इंग्रजांच्या तुरुंगात ७४ दिवसांनी गेले होते. आपल्या क्रांतिकारकांना ते नाव पाठ होतं. तेव्हा एकच शब्द दोन्हीकडे चालू द्या, उलट तो चाललाच पाहिजे.

सांजवात
हे पटलं. पण 'निष्ठावंत'चं काय करू? २०२२ नंतर हा शब्द मराठीत एकट्याने फिरतच नाही. मागोमाग 'गद्दार' येतोच.

मधली_आळी
राजनिष्ठ! ब्रिटनच्या राजमुकुटाशी इमान राखणारे ते लोक. आयता शब्द पडला आहे.

वडाप
राजनिष्ठ म्हटलं की माझ्यासमोर पगडीवाला रावबहादूर येतो. शँकिल रोडवरचा गोदी कामगार नाही येत.

मधली_आळी
तो तुमच्या डोक्यातला रावबहादूर, शब्दातला नाही.

निळी_कमान
'रिपब्लिकन'वरून भाऊ हसला म्हणून शब्द बदलू नका, एवढंच सांगायला आलो. बाबासाहेबांच्या मनातला पक्ष ऑक्टोबर १९५७ मध्ये नागपुरात उभा राहिला, तेव्हापासून हा शब्द आमच्या घरात मराठीच आहे. माझ्या आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, ती 'रिपब्लिकन' म्हणायची. 'प्रजासत्ताकवादी' लिहिलंत तर २६ जानेवारीची परेड वाटेल. 'आयरिश रिपब्लिकन' लिहा, कुणाचा घोटाळा होणार नाही.
आणि वडाप, तुमच्या 'राखीव'ला जोड: आमच्या वस्तीच्या तोंडाशी निळी कमान आणि शेजारच्या भिंतीवर बाबासाहेब. ते चित्र कुणाला धमकावायला नाही, आम्ही इथे आहोत म्हणून आहे. बेलफास्टच्या सगळ्या चित्रांना एकाच मापाने मोजू नका. बंदूकवाला वेगळा आणि गेलेल्या पोराचा चेहरा वेगळा.

डब्लिनकर
+१. उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहरात बॉगसाइड भागात अशीच एक भिंत आहे: शाळेच्या गणवेशातली चौदा वर्षांची मुलगी, १९७१ मध्ये गोळीबारात गेली. तिच्या शेजारी रंगवलेली बंदूक मोडलेली आहे. आणि त्याच भागातल्या 'फ्री डेरी' या अक्षरांच्या भिंतीमागचं घर कधीच पाडलं गेलं. ती त्रिकोणी माथ्याची भिंत तेवढी रस्त्याच्या मध्ये ठेवली आहे. आता तिला 'घराच्या कडेची भिंत' म्हणाल तर घर कुठाय?

राधा_ऐरोली
डेरी की लंडनडेरी? कुठलं नाव घेता त्यावरून तुम्ही कुणाचे ते कळतं म्हणे.

मधली_आळी
आपल्याला नवीन आहे का ते? 'संभाजीनगर' की 'औरंगाबाद' हे विचारून बघा एसटी स्टँडवर.

सांजवात
तो विषय इथे नको, हात जोडते. धाग्याचं काश्मीर होईल. गेबल सांगा कुणीतरी.

वडाप
आमचे मिस्त्री गेबलच म्हणतात. लई झालं तर 'तिकोनी भिंत'.

पंतोजी
एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आलेली दिसत नाही. 'भिंत' आली 'भित्ति'वरून आणि 'भित्ति' आली 'भिद्' धातूवरून. भिद् म्हणजे फोडणे, वेगळं करणे. भेद, भिन्न, भिंत, सगळी एकाच घरची भावंडं. दुभंगलेल्या शहरावरच्या लेखाला याहून चांगलं शीर्षक मिळणार नाही.

मधली_आळी
आणि 'भीती'ही त्यातलीच!

पंतोजी
नाही हो. भीतीचा धातू 'भी'. उच्चार जवळचा म्हणून गोत्र एक होत नाही.

राधा_ऐरोली
शीर्षकात व्युत्पत्ती घालू नका, सांजवात. त्यापेक्षा दोन बाजूंच्या वस्त्यांमधल्या त्या भिंतींना, 'पीस वॉल'ना, काय म्हणताय ते सांगा. 'शांतिभिंत' लिहिलंत तर विपश्यना केंद्र वाटेल.

डब्लिनकर
पण इंग्रजीतही ते नाव तितकंच विचित्र आहे, म्हणून 'शांतिभिंत' मला चालेल. १९६९ मध्ये रिपब्लिकन फॉल्स आणि निष्ठावंत शँकिल यांच्या मधे सैन्याने तारा आणि पत्रे उभे केले ते तात्पुरते म्हणून. पुढे पक्क्या भिंती झाल्या, उंच झाल्या. १९९८ च्या शांतता करारानंतरही राहिल्या. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने २०२३ पर्यंत सगळ्या उतरवू असं जाहीर केलं. अजून उभ्या आहेत, काही फाटकं रात्री बंद होतात. कूपर वेच्या भिंतीवर तर पर्यटकच मार्करने नावं लिहून जातात.

वडाप
म्हणजे सिंहगडावर बदाम काढणारे तिथं पण पोचले.

निळी_कमान
त्यांना 'भित्तिचित्रकार' म्हणायचं का पंतोजी?

पंतोजी
विद्रूपीकरण म्हणतात त्याला. आपल्याकडे १९९५ चा कायदा आहे.

वडाप
त्याच कायद्यापायी आमच्या पेंटरचा धंदा बसला. आता सगळं फ्लेक्सवर. भिंत धरायला कोण येत नाही.

मधली_आळी
वडाप, एक विचारू? तुमचा पेंटर चुन्यात डिंक घालायचा का? आमच्या गावच्या देवळाच्या भिंतीचा चुना दर पावसाळ्यात हाताला लागतो.

वडाप
डिंक घालायचा, वर चिमूटभर नीळ. पण चुना आधी रात्रभर भिजवून गाळून घ्यायला पाहिजे. पोपडे येतात ते न गाळल्यामुळं.

पंतोजी
'पोपडे' निघतात, येत नाहीत.

वडाप
आमच्यात येतात.