वेदना-उपचाराचा अभ्यास फक्त डॉक्टरांसाठी नाही

फोंड्याच्या ताईंनी विचारलंय की त्या फिजिओथेरपिस्ट आहेत, तर वेदना-उपचाराचा पदव्युत्तर अभ्यास घरबसल्या जमेल का. जमेल. एडिंबरा आणि सिडनी या दोन्ही विद्यापीठांचे असे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत आणि ते नर्स, फिजिओ यांनाही खुले आहेत.

अशी ऑनलाइन पदवी म्हणजे 'नुसता कागद', असंही कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं. ही पदवी घेऊन कुणी नस ब्लॉक करायला, म्हणजे सुईने औषध देऊन दुखणारी नस बधिर करायला, शिकत नाही. सुई हातात धरायची तर रुग्णालयातच राबावं लागतं. पण ओपीडीत सुईने न सुटणारे रुग्णच जास्त. काजूच्या हंगामात वाकून वाकून कंबर धरलेली बाई एमआरआयची पिशवी घेऊन येते, 'गादी (मणक्यांमधली चकती) सरकली' एवढंच तिला सांगितलेलं असतं आणि त्या भीतीने ती हलायचंच सोडते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे जुनाट वेदना. तिथे झोप, धास्ती, घरची ओढाताण हे सगळं विचारावं लागतं, आणि हे अभ्यासक्रम नेमकं तेच घोटून घेतात.

वेळेचं बघा मात्र. एडिंबराची संध्याकाळ म्हणजे आपली झोपायची वेळ. सिडनीचा संध्याकाळचा तास आपल्याकडे भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत बसू शकतो.

आणि औषधांचा भाग 'आपलं काम नाही' म्हणून टाळू नका. मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध रुग्णांना सहज मिळावं म्हणून भारतात 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला, तरी घरच्यांची 'सवय लागेल' ही शंका अजून तशीच आहे, आणि ती ते डॉक्टरांना नाही, तुम्हालाच विचारतात.