साठलेल्या कापडांच्या गोधड्या: साठा कसा संपवावा आणि शिवण्याची उमेद कशी टिकवावी?

प्रश्न – लुगडं_आणि_लेस (नागपूर)

नमस्कार. गोधडीसाठी म्हणून जमवलेले कापड कसे संपवावे आणि ते संपेपर्यंत शिवण्याचा उत्साह कसा टिकवावा, याविषयी येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. मी प्रतापनगर भागात राहते. दिवाणाची पेटी आणि एक लोखंडी कपाट भरून कापड घरात आहे आणि ते तीन प्रकारचे आहे. हळदीकुंकू, डोहाळजेवण आणि ओटीभरण यांच्या निमित्ताने वर्षानुवर्षे मिळत गेलेले ब्लाउजपीस हा पहिला प्रकार. त्यांतले काही सुती, काही टू बाय टू रुबिया (हेही पातळ सुतीच), आणि बरेचसे चकाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचे आहेत. दुसरा प्रकार गांधीबाग आणि इतवारीच्या दुकानांतून हौसेने आणलेल्या छापील सुती कापडाचा, ज्याचे अर्धा-अर्धा, पाऊण मीटरचे तुकडे ‘कशाला तरी लागतील’ म्हणून घेतले जातात. तिसरा प्रकार सर्वांत अवघड आहे: सासूबाईंनी जपून ठेवलेली नऊवारी सुती लुगडी, आणि आजेसासरे एम्प्रेस मिलमध्ये नोकरीला असताना घरात आलेले कोरे पांढरे कापड. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी आता राहिली नाही, त्यामुळे त्या कापडाला कात्री लावण्याचे धाडस घरात कोणाचेच होत नाही.

गोधडी शिवता येत नाही असे नाही. मशीनला मोटर बसवलेली आहे, हातशिलाईही येते. परंतु काम सुरू केल्यावर चौकोन कापून होतात, दोन-चार रंग शेजारी मांडून पाहिले जातात, आणि तेथेच सगळे थांबते. मग बाजारात एखादी नवी छपाई दिसते आणि साठ्यात भर पडते. साठा अमुक इतका उतरल्याशिवाय नवीन कापड घ्यायचे नाही, असा नियम कोणी पाळला आहे का? आणि काम मध्येच सुटू नये म्हणून आपण काय करता?

उत्तर – धावदोरा

ताई, तुमचे वर्णन वाचून असे वाटते की तुम्ही शिवताना थांबत नाही, ठरवताना थांबता. मशीनवर बसल्यावर प्रत्येक वेळी चौकोन केवढा घ्यावा, कोणता रंग कशाशेजारी लावावा, आत काय घालावे हे सर्व नव्याने ठरवावे लागत असेल, तर कोणाचाही उत्साह अर्ध्या तासात संपेल. हे निर्णय एकदाच, मशीनपासून दूर बसून घ्यावेत आणि पुढचे काही महिने त्यांत बदल करू नये.

सुरुवात धाग्याच्या परीक्षेने करावी. प्रत्येक संशयास्पद ब्लाउजपीसच्या कडेचे चार धागे ओढून काढावेत आणि मोरीजवळ, स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून पेटवावेत. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते; पॉलिस्टर आक्रसतो, वितळतो आणि त्याचा टणक मणी उरतो. मणी झाला की ते कापड गोधडीच्या ढिगातून बाजूला काढावे. सुती आणि कृत्रिम कापड एकाच गोधडीत शिवले की एक धुण्यात आटते, दुसरे आटत नाही, आणि शिवणीला कायमच्या सुरकुत्या पडतात. शिवाय सुती कापडाला लागणारी गरम इस्त्री दुसऱ्याला सोसत नाही.

उरलेले सगळे सुती कापड कापण्याआधी धुवून घ्यावे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते, म्हणजे मीटरमागे ३ ते ५ सेंटिमीटर. गडद लाल, निळे आणि काळे कापड वेगळे भिजवून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे. मिठाच्या पाण्यात ठेवले की रंग पक्का होतो असे सांगितले जाते, पण त्यावर विसंबू नये. ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवली की रंग जातो की नाही हे लगेच कळते. या कामासाठी आपल्या नागपूरचा एप्रिल-मे उत्तम, कारण सकाळी वाळत टाकलेले कापड जेवणाच्या आत कडक वाळते. रंग उडू नये म्हणून मात्र ते सावलीत वाळवावे. उन्हाळ्यात शिवायला बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे: कूलर चालू ठेवला तर चौकोन उडतात आणि बंद केला तर आपण बसू शकत नाही. उन्हाळ्यात धुणे, इस्त्री आणि कापणे, पावसाळ्यात जोडणे आणि दिवाळीपर्यंत टाके घालणे, असा क्रम ठेवला तर थंडी पडते तेव्हा गोधडी पांघरायला तयार असते.

आता माप. एकच माप ठरवा, ५ इंचांचा चौकोन. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत गेले की तो ४.५ इंचांचा उरतो. एका माणसाच्या गोधडीसाठी आडवे १४ आणि उभे २० असे २८० चौकोन लागतात आणि ६३ बाय ९० इंचांचा वरचा थर तयार होतो. ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटरमधून असे ५६ चौकोन निघतात, म्हणजे ५ मीटर कापड वरच्या थरालाच लागते आणि पाठीला, म्हणजे खालच्या थराला, जोड देऊन आणखी सुमारे ५ मीटर जाते. एका गोधडीत १० मीटर कापड जिरते, हे कागदावर दिसले की साठ्याचे ओझे पुष्कळ हलके वाटते. साठा मोजायचा असेल तर काट्यावर तोलावा. मध्यम जाडीचे सुती कापड किलोला साधारण ६–७ मीटर भरते.

रंगांविषयी इतकेच सांगते की गडद आणि फिकट अशा दोनच टोपल्या कराव्यात आणि न पाहता एक इकडचा, एक तिकडचा असा चौकोन उचलून जोडत जावे. हे ऐकायला बेफिकीर वाटते, पण गडद-फिकट अंतर सांभाळले तर छपाई एकमेकींशी भांडत नाहीत.

उत्तर – महालकर

वरील प्रतिसाद उपयुक्त आहे, तरी माझा थोडा मतभेद नोंदवतो. आमच्या घरी शिवणकामाचे दुकान होते, त्यामुळे उरलेल्या कापडाचे डोंगर लहानपणापासून पाहिले आहेत. साठा संपवण्याचा अर्थ तो सगळा शिवलाच पाहिजे असा का घ्यावा? चकाकणारे ब्लाउजपीस हे हातोहात फिरण्यासाठीच बनलेले असतात. ते पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निःसंकोच पुढे पाठवावेत. जे घडी मोडल्यामुळे किंवा कडा उसवल्यामुळे देता येत नाहीत, त्यांच्या बाजारात नेण्याच्या पिशव्या उत्तम होतात, कारण कृत्रिम कापड लवकर वाळते आणि सहसा फाटत नाही. साठ्यातून एक तृतीयांश कापड असे बाहेर गेले, तर उरलेल्याकडे पाहण्याचा उत्साह आपोआप येतो. खरेदीबंदीचा नियम मात्र टिकत नाही. ‘अस्तर आणि दोरा सोडून काही घेणार नाही’ एवढी सूट ठेवली, तरच तो पाळला जातो.

लुगडं_आणि_लेस

दोघांचेही मनापासून आभार. धागा जाळून पाहिला. रुबिया म्हणून ठेवलेल्या कापडांपैकीही काहींचा मणी झाला. आता प्रश्न लुगड्यांचा आणि मिलच्या कापडाचा उरतो. लुगडी इतकी विरली आहेत की त्यांचे ५ इंचांचे चौकोन टिकतील असे वाटत नाही, आणि तुकडेही सगळे वेड्यावाकड्या आकाराचे निघतील. त्यांना कोणती पद्धत योग्य ठरेल?

उत्तर – कौलारू

आधी जुन्या कापडाची ताकद पाहावी. कापड दोन्ही हातांत धरून उभे आणि आडवे बेताने ताणावे. विशेषतः जेथे वर्षानुवर्षे घडी होती त्या रेषेवर ताणून पाहावे, कारण कापड सर्वप्रथम तेथेच विरते. तेथे ते फाटले तर ती पट्टी काढून टाकावी आणि बाकीचे वापरावे. मिलचे कोरे कापड या परीक्षेत उतरले, तर त्याचे चौकोन कापण्याचे कारणच नाही: दोन पट्टे मध्ये जोडून ते अखंड पाठीला लावावे. कापड मोडल्याची खंत राहत नाही आणि एका कोपऱ्यात आजेसासऱ्यांचे नाव दोऱ्याने भरता येते.

विरलेल्या लुगड्यांची जागा गोधडीच्या पोटात आहे. आपल्याकडे पूर्वी आत कापूस किंवा वॅडिंग (भरणाचा तयार थर) घालत नसत. जुनी लुगडीच एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घालत. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, त्यामुळे ९० इंच लांबीच्या गोधडीसाठी एका लुगड्यातून तीन पट्टे सहज निघतात. पट्ट्याचा पन्हा गोधडीच्या रुंदीला पुरत नाही, म्हणून जोड देत ते एकावर एक अंथरावेत; आपल्या थंडीला दोन लुगड्यांचे सहा पट्टे भरपूर होतात. लुगड्याच्या काठाचा भाग मात्र आत घालू नये. तो जाड असतो आणि सुईला अडतो. काठ वेगळे काढून गोधडीच्या चारही कडांना किनार म्हणून लावावेत. एखादे करवतकाठी लुगडे असेल आणि ते टसरचे असेल, तर ते या सगळ्यातून वगळावे, कारण रेशमाचे आणि सुताचे धुणे जुळत नाही.

वेड्यावाकड्या तुकड्यांसाठी कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रियांची पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. जुन्या साडीच्या पायावर एका कडेपासून सुरुवात करून, तुकड्याची कड आत दुमडत, धावदोऱ्याने तो खाली बसवतात आणि चारही बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे सरकतात. तुकडा कोणत्याही आकाराचा चालतो, आधी माप घ्यावे लागत नाही, आणि जोडणे व टाके घालणे ही दोन कामे एकाच वेळी उरकतात. तुमचे काम जेथे थांबते, ती रंग मांडून पाहण्याची पायरीच या पद्धतीत नाही.

उत्साहाविषयी एक गोष्ट सुचवते. मोठी गोधडी हाती घेण्याआधी ओळखीत कोणाकडे बाळ येणार असेल तर त्याचे दुपटे करा. आठ बाय आठ म्हणजे ६४ चौकोन, शिवून ३६ इंचांचे दुपटे, आणि वरच्या थराला मीटरपेक्षा थोडे अधिक कापड. बाळाची तारीख ठरलेली असल्याने काम लांबत नाही. मोठ्या गोधडीसाठी थर एकमेकांवर सपाट अंथरून आधी सर्वत्र लांब कच्चा धावदोरा घालून घ्यावा; हे काम जमिनीवर, दोघींनी समोरासमोर बसून केले तर लवकर होते. पुढचे पक्के टाके बोटभर अंतरावर घालावेत. मशीनने टाके घालायचे असतील तर जोडकामाची १४ नंबरची सुई बदलून १६ नंबरची लावावी आणि टाका थोडा लांब ठेवावा, नाहीतर इतक्या थरांत सुई वाकते आणि खालचा थर गोळा होतो.