कालप्रवासाच्या मालिकेत नियती अटळ ठेवली, तर हस्तक्षेपाला जागा कुठे उरते?

उलटा_काटा

आठ भागांच्या मालिकेचा आराखडा चालू आहे. गाभा असा: १९९८ साली एका घराला आग लागते आणि त्यात बारा वर्षांचा मुलगा जातो. देह ओळखू येण्यापलीकडे गेलेला, मनगटावरच्या ९:४० ला थांबलेल्या घड्याळावरून ओळख पटते. २०२६ मध्ये त्याच्या मोठ्या बहिणीला मागे जायची वाट सापडते. नियम एकच ठेवलाय: इतिहास एकच आहे, तो बदलत नाही.

अडचण इथेच आहे. तिसऱ्या भागापर्यंत प्रेक्षकाला हा नियम कळणार. मग पुढचे पाच भाग त्याने कशासाठी बघायचे? नियम सैल करून इतिहास बदलू दिला, तर पहिल्या भागातल्या मरणाची पत जाते, कारण चुकलं तर पुन्हा मागे जाता येतं. जर्मन मालिका 'डार्क'चा शेवट तर सरळ पळवाट वाटते. अडीच सीझन 'अटळ, अटळ' म्हणायचं आणि मग गाठ कापून मोकळं व्हायचं. यापेक्षा सरळ मार्ग आहे का?

(पुढे बऱ्याच मालिकांचे शेवट उघड होतील. ज्यांना बघायच्या आहेत त्यांनी इथेच थांबा.)

तीन_रकाने

नियम ठीक आहे, फक्त तो कशाकशाला लागू आहे हे तुम्ही ठरवलेलं नाही. पहिल्या भागात प्रेक्षकाने नेमकं काय पाहिलं? आग, जळालेला देह आणि घड्याळ. मुलगा मेला हे कुणीच पाहिलेलं नाही, ते घड्याळावरून काढलेलं अनुमान आहे. नायिकेला काम करायला तेवढीच फट आहे, आणि ती पुरते.

जपानी ॲनिमे मालिका 'स्टाइन्स गेट' (२०११) हेच करते. नायक सुरुवातीला एका मुलीला रक्ताच्या थारोळ्यात पडलेली बघतो. शेवटी ती वाचते, पण त्याने पाहिलेलं दृश्य जसंच्या तसं राहतं, फक्त रक्त तिचं नसतं. त्यातही सोबत आणलेलं खोटं रक्त ऐन वेळी वाळून निकामी निघतं आणि नायकाला स्वतःचं सांडावं लागतं. 'डॉक्टर हू'च्या २०११ च्या सीझनमध्ये तळ्याकाठी डॉक्टरला गोळ्या घातल्या जातात आणि तो क्षण बदलता येणार नाही असं बजावलं जातं. गोळ्या खऱ्याच बसतात, पण त्या झेलणारं त्याच्या रूपातलं यंत्र असतं.

म्हणून कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात कॅमेऱ्याने थेट दाखवलेलं, दुसऱ्यात पात्रांनी एकमेकांना सांगितलेलं, तिसऱ्यात बातमी, पंचनामा, फोटो असलं कागदोपत्री. पहिल्या रकान्यातलं अक्षरही हलवायचं नाही. बाकी दोन रकान्यांतलं काहीही खोटं निघू शकतं, पण खोटं कुणी आणि का केलं हे त्या ओळीसमोर लिहिता आलं पाहिजे. फट एकच ठेवा. दोन ठेवल्या की प्रेक्षक दुसरी शोधत बसतो. आणि पटकथेत 'मुलाचा चेहरा दिसत नाही' हे स्पष्ट लिहा, नाहीतर शूटिंगच्या दिवशी कुणीतरी भावनेच्या भरात खिडकीतून क्लोजअप घेतो आणि सातव्या भागाची वाट लागते.

आता नायिकेचे मधले प्रयत्न फसणार, ते कसे फसतात यावर सगळं आहे. 'डार्क'मध्ये उलरिख हा पोलीस १९५३ मध्ये जाऊन लहानग्या हेल्गेच्या डोक्यात दगड घालतो, पुढचे खून टळावेत म्हणून. म्हाताऱ्या हेल्गेच्या चेहऱ्यावर आपण पहिल्यापासून ज्या खुणा बघतोय त्या त्याच दगडाच्या. नायक योनास वडिलांची आत्महत्या थांबवायला जातो, तर त्यांच्या मनात तो विचारच आलेला नसतो आणि चिठ्ठी त्यांना योनासच दाखवतो. दोन्हीकडे फसण्याचं कारण माणसाच्या स्वतःच्या कृतीत आहे. याउलट, योनास स्वतःवर पिस्तूल चालवतो आणि गोळीच सुटत नाही, कारण त्याचं म्हातारपण आधीच घडून गेलेलं असतं. तर्काला हे चालतं, पण ते स्वस्त आहे. असा योगायोग पूर्ण सीझनमध्ये एकदा खपतो. दुसऱ्यांदा आला की प्रेक्षक लेखकाचा हात बघायला लागतो.

भौतिकशास्त्रातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. रशियन शास्त्रज्ञ नोविकोव्ह यांचं तत्त्व असं की कालप्रवास शक्य असला तरी सुसंगत घटनाच घडू शकतात. एचेव्हेरिया, क्लिंकहॅमर आणि थॉर्न यांनी १९९१ मध्ये त्याच अंगाने बिलियर्डच्या चेंडूचं गणित मांडलं: चेंडू कृमिविवरात (वर्महोल, दोन ठिकाणं किंवा दोन काळ जोडणारा बोगदा) शिरतो, थोडा आधीच्या काळात बाहेर येतो आणि स्वतःलाच धडकतो. सरळ धडकला तर तो आत शिरलाच नसता. पण सुसंगत उत्तर निघतं. धडक तिरपी बसते, त्यामुळे चेंडू तिरपा आत शिरतो, म्हणून तिरपा बाहेर येतो, म्हणूनच धडक तिरपी बसते. नायिकेच्या प्रत्येक प्रयत्नाला हीच कसोटी लावा. धडक बसलीच पाहिजे. ती नुसती हुकली तर भाग फुकट गेला.

विंडेनचा_पाहुणा

'डार्क'ला पळवाट म्हणणं अन्यायाचं आहे. मालिकेतल्या दोन समांतर जगांच्या आतलं काहीच बदललेलं नाही, शेवटपर्यंत. योनास आणि दुसऱ्या जगातली मार्था त्या जगांच्या बाहेर, मूळ जगात जातात आणि कालयंत्र बनवणाऱ्या तानहाउसच्या मुलाचा १९७१ चा मोटार अपघात टाळतात. अपघात टळला म्हणून तानहाउसचं १९८६ चं यंत्र सुरू होत नाही, आणि यंत्र नाही म्हणून ती दोन जगंच उरत नाहीत. बाहेर पडायची वाटही अचानक टपकलेली नाही. २७ जून २०२० च्या महाविनाशाच्या क्षणी काळ निमिषभर थांबतो आणि कार्यकारणाची साखळी सुटते, या फटीचा वापर ईव्हा (म्हणजे म्हातारी मार्थाच) आधी करून चुकलेली असते. एकाच मार्थाचे दोन वेगळे जीवनमार्ग त्यातूनच निघतात. (तिसरा सीझन बरोबर त्याच तारखेला प्रदर्शित केला होता. जाहिरात करावी तर अशी.)

दोष काढायचाच तर वेळेचा काढा. तिसरं, मूळ जग आहे हे पार शेवटाकडे कळतं. फटीची पेरणी आधी झाली, पण ती जिथे नेते ती जागा उशिरा दाखवली. तुमच्या आठ भागांत दोन्ही गोष्टी चौथ्या भागाच्या आत यायला हव्यात, निदान ओझरत्या.

काश्यप_कुठे_गेला

तीन_रकाने यांच्याशी सहमत, पण त्यात एक पात्र राहिलं. आदिपर्वातली परीक्षिताची गोष्ट आठवा. सातव्या दिवशी तक्षक डसणार हे ठरलेलं. वाटेत तक्षकाला काश्यप भेटतो, विष उतरवणारा. तक्षक वडाचं झाड डसून राख करतो, काश्यप ते पुन्हा हिरवं करतो. म्हणजे उपाय चालत होता! मग तक्षक त्याला राजाकडून मिळालं असतं त्याहून जास्त धन देऊन परत पाठवतो. राजाचं आयुष्य सरलंय हे काश्यपाला दिव्यदृष्टीने दिसलं, हे खरं, पण तो धन घेऊनच परतला.

तुमच्या आराखड्यात तक्षक नाही. आग ज्याच्या पथ्यावर पडली असा माणूस हवा, ज्याला सगळं ठरल्यासारखंच व्हायला हवंय. नियती भिंतीसारखी नुसती उभी असली की नाटक होत नाही. तिच्या बाजूने कुणीतरी राबलं पाहिजे.

नऊ_काड्या

प्रेक्षक पुढचे भाग का बघेल, याचं अर्धं उत्तर मोजमापात आहे. हस्तक्षेपाला आकडा द्या. कोरियन मालिका 'नाइन' (२०१३) मध्ये नऊ उदबत्त्या आहेत. एक काडी म्हणजे ३० मिनिटं, आणि जायचं ते बरोबर २० वर्षं मागे. कितवी काडी हे प्रेक्षक बोटांवर मोजत राहतो. तिथे इतिहास बदलतो, पण फुकट नाही. नायक भावाचं भलं करायला जातो आणि परत येतो तेव्हा त्याची प्रेयसी त्याची पुतणी झालेली असते.

'११.२२.६३' (२०१६) मध्ये दार कायम २१ ऑक्टोबर १९६० ला उघडतं. केनेडींच्या खुनापर्यंत थांबायचं तर तीन वर्षं तिथेच काढायची, इकडे मात्र दोनच मिनिटं गेलेली असतात. पुन्हा आत शिरलं की आधीचं सगळं पुसलं जातं. म्हणजे दुसरी संधी आहे, पण तिची किंमत तीन वर्षांचं आयुष्य. शिवाय भूतकाळ स्वतः अडवतो. बदल जेवढा मोठा तेवढा अडथळा मोठा.

आणि 'चुकलं तर पुन्हा जाऊ' हे दार 'ट्रॅव्हलर्स'ने (२०१६ ते २०१८) एका वाक्यात बंद केलं: शेवटचा प्रवासी ज्या क्षणी पोचला त्याच्या आधी कुणालाच पाठवता येत नाही. मला हा नियम सगळ्यांत आवडतो. यंत्र कसं चालतं हे न सांगताही तो पटतो, आणि लेखकाला पुढच्या भागात लबाडी करता येत नाही. तुम्ही तीन फेऱ्या ठेवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीनंतरच्या क्षणातच उतरेल असं करा. तिसरी फेरी ९:३१ ला उतरली तर नऊ मिनिटं उरतात. सातवा भाग तेवढ्यावर उभा राहतो.

उलटा_काटा

फट पटली, फेऱ्यांचा आकडाही घेतला. पण मुलगा वाचला तर तो देह कुणाचा? देह न सापडलेलाच दाखवला तर? 'घर बेचिराख, फक्त घड्याळ उरलं' असं?

तीन_रकाने

ते करू नका. दहनभट्टीत साधारण ७६० ते ९८० अंश सेल्सिअसला दीड-दोन तास ठेवूनही हाडं उरतात, ती नंतर दळावी लागतात. घराची आग सगळीकडे इतकी तापत नाही की इतका वेळ तशी टिकत नाही. देह पूर्ण नाहीसा झाला असं दाखवलंत की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चुका काढेल.

दुसरं, १९९८ बदला. डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत ॲलेक जेफ्रीझ यांनी १९८४ मध्ये शोधली. १९९८ ला ती का वापरली नाही याचं उत्तर देण्यात अर्धा भाग जाईल. आग १९८२ ला लावा. दातांच्या नोंदीचा प्रश्न उरतो, तर मुलाला कधी दंतवैद्याकडे नेलेलंच नव्हतं एवढं एक वाक्य पुरतं. मात्र वाढत्या वयात दात आणि हाडांच्या टोकांवरून वयाचा अंदाज येतो, त्यामुळे तिथे मोठ्या माणसाचा देह चालणार नाही. देह दहा ते चौदा वर्षांच्या मुलाचाच हवा.

म्हणजे घरात दुसरा मुलगा होता. ज्याला कुणी शोधायला आलं नाही असा. इतिहासात एकाच मुलाचं मरण नोंदलेलं आहे, तो आकडा बदलत नाही. कोण, ते नायिकेच्या हातात येतं. तुम्हाला हवा तो हस्तक्षेप हाच, आणि तो नियम न मोडता होतो. १९८२ केल्याने आणखी एक फायदा: तेव्हाची पंधरा वर्षांची बहीण २०२६ ला ५९ ची होते, त्यामुळे आगीच्या दिवशी ती स्वतःसमोर उभी राहिली तरी कुणी ओळखत नाही.

घड्याळ चावीचं ठेवा. थांबलेलं घड्याळ ते केव्हा थांबलं एवढंच सांगतं, मालक केव्हा गेला हे नाही. चावी द्यायची राहिली असेल तर ९:४० ही वेळ आगीच्या किती तरी आधीची असू शकते.

काश्यप_कुठे_गेला

आणि ते घड्याळ दुसऱ्या मुलाच्या मनगटावर कसं गेलं? खेळता खेळता भावाने दिलं असेल तर बहीण सुटते आणि नाटकही सुटतं. ते तिने बांधलं पाहिजे. तोवर तो मुलगा जिवंत होता का, हे दाखवायचं की नाही यावर तुमची मालिका कुठल्या जातीची हे ठरेल. मी दाखवेन.

नऊ_काड्या

मग निर्मितीचं आत्ताच बघा. इतिहास एकच असेल तर ५९ वर्षांची ती पहिल्या भागातल्या गर्दीतही असणार, म्हणून त्या अभिनेत्रीची निवड पायलटच्या (पहिल्या भागाच्या) चित्रीकरणाआधी व्हायला हवी. दुसऱ्या मुलाची खूण म्हणून कुंपणाला टेकवलेल्या दोन सायकली पुरेत. फ्रेमच्या कडेला, तीनेक सेकंद, कुणी त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. घराचा सेट एकदाच जळतो, त्यामुळे पहिल्या आणि सातव्या भागाची आग एकाच रात्री चित्रित करा: एक कॅमेरा रस्त्यावर पहिल्या भागासाठी, दुसरा मागच्या दाराशी सातव्यासाठी, आणि दोघांच्या टाइमकोडचा मेळ आधीच घालून ठेवा. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात मागचं दार चुकून आलं तर तो शॉट तिथेच बाद करा, एडिटिंगवर सोडू नका.