हिवाळा सौम्य गेला तर हरणं खरंच सुखात असतात का?

निवृत्त_बाई (ग्वाल्हेर):

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात राहते. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पुस्तकातली हरणं शिकवली, पण एका खऱ्या पाडसानं मला जो प्रश्न घातला आहे तो काही केल्या मनातून जात नाही.

माझी लेक अमेरिकेत मिनेसोटाला असते, दुलुथ शहरापासून तासाभरावर, अगदी रानाला लागून. नातवाच्या वेळेला मी २०२२च्या नोव्हेंबरात गेले ती एप्रिलपर्यंत राहिले. त्या हिवाळ्यात दुलुथला १४० इंच बर्फ पडला. साडेअकरा फुटांच्या वर! तिथल्या नोंदींमधला तो सर्वांत जास्त. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची सीडरची झाडं दिसायची आणि संध्याकाळी तिथे हरणं यायची. त्यात एक मादी होती, डावा कान फाटलेला, आणि तिची त्या उन्हाळ्यातली दोन पाडसं. जानेवारीपर्यंत ठीक होतं. फेब्रुवारीत त्यांच्या पाठीचा कणा दिसायला लागला. सीडरचा पाला जिथवर तोंड पोचेल तिथवर साफ झाला होता, जणू कोणी दोरी धरून कापला आहे. आई मागच्या पायांवर उभी राहून वरची डहाळी ओढायची. पाडसं खाली उभी राहून बघत राहायची, त्यांचं तोंडच पोचत नव्हतं.

मार्चमध्ये मला राहवेना. जावयाला सांगून मक्याचं पोतं आणवलं आणि फावड्यानं बर्फ बाजूला करून सकाळ-संध्याकाळ बादलीभर दाणे घालायला लागले. अधाशासारखी खात होती. चौथ्या दिवशी सकाळी एक पाडस शेडजवळ आडवं पडलेलं दिसलं. पाय ताठ, पोट ढोलकीसारखं तट्ट.

शेजारी सत्तरीचे गृहस्थ आहेत, आयुष्यभर शिकार केलेले. त्यांनी मला हाक मारली, गुडघ्यावर बसले आणि चाकूनं पोट उघडून दाखवलं. आत मी घातलेला मका होता, दाणान् दाणा. मग त्यांनी मांडीचं हाड फोडलं. धडधाकट जनावराच्या हाडातला मगज पांढरा आणि घट्ट असतो म्हणे, तुपासारखा. याचा लाल होता, पातळ, थरथरता. ते एवढंच म्हणाले, "हे उपाशीही होतं आणि पोट भरलेलंही होतं." मी आत जाऊन नातवाला मांडीवर घेऊन बसले, पण त्या दिवशी मला एक घास गेला नाही.

पुढच्या वर्षी डिसेंबरात पुन्हा गेले, तर नाताळात अंगणात गवत दिसत होतं. २०२३-२४चा तो हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींमधला सर्वांत उबदार. फाटक्या कानाची मादी आली. एकच पाडस होतं बरोबर, पण दोघंही गुबगुबीत. मला इतका आनंद झाला! मात्र शेजारचे आजोबा गप्प होते. फेब्रुवारीत त्यांनी मला कुंपणापाशी नेऊन एक ससा दाखवला. पांढराशुभ्र, आणि बसला होता तपकिरी पाचोळ्यावर. शंभर पावलांवरून दिसत होता. आजोबा म्हणाले, "हरणांचं बरं झालं. बाकीच्यांचं विचारू नका."

तर माझे प्रश्न. ते पाडस भुकेनं गेलं की माझ्या मक्यानं? आजोबांच्या बोलण्याचा अर्थ काय? आणि आपल्याकडे चंबळेच्या बाजूला थंडी कमी पडली तर चितळ-काळविटांना काही फरक पडतो का? लेकीचा आग्रह आहे की मी यंदाही यावं. जायच्या आधी मला हे समजून घ्यायचं आहे.

गुरांचा_डॉक्टर (ग्वाल्हेर):

बाई, नमस्कार. मी गाई-म्हशींचा डॉक्टर, हरणांचा नाही. पण रवंथ करणाऱ्यांचं कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, सगळ्यांचं एकाच रीतीनं चालतं, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. खरं तेच सांगतो, कारण तुम्ही खरं विचारलं आहे.

आपल्याकडे लग्नसराईत मांडवामागे उरलेला भात, पुऱ्या, बुंदी ढीग करून टाकतात. गाय येते, पोटभर खाते आणि दुसऱ्या दिवशी उठत नाही. दर वर्षी अशा गाई बघतो. तुमच्या पाडसाचं तेच झालं. कोठीपोटात कोट्यवधी जिवाणू असतात आणि जनावर जे खातं त्यानुसार त्यांची वस्ती बदलते. हिवाळाभर काड्या आणि साली खाणाऱ्या हरणाच्या पोटात तंतुमय चारा पचवणारे जिवाणू असतात. त्यांच्यावर एकदम पिष्टमय दाणा पडला की दुसरे जिवाणू माजतात, भराभर लॅक्टिक आम्ल तयार होतं, कोठीपोटाचं अस्तर भाजून निघतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि दोन-तीन दिवसांत जनावर जातं. जिवाणूंची वस्ती पालटायला काही आठवडे लागतात, तेही दाणा हळूहळू वाढवला तर. आम्ही गाभण म्हशीचा खुराक बदलतो तोसुद्धा मूठमूठ वाढवत.

मगज लाल होता म्हणजे साठवलेली चरबी संपली होती. मक्याशिवाय ते वाचलं असतं का, हे कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही. पण शेवटचा धक्का मक्यानं दिला. तुम्ही मायेनं घातलात हे त्या आजोबांनाही कळलं असणार, नाहीतर त्यांनी बसून पोट उघडून दाखवलं नसतं.

निवृत्त_बाई:

डॉक्टरसाहेब, स्पष्ट सांगितलंत त्याबद्दल मनापासून आभार. रवंथ करणाऱ्यांच्या पोटाची आकृती मी फळ्यावर शेकडो वेळा काढली आहे. चार कप्पे, चार रंगांच्या खडूंनी. तरी बादली हातात घेताना ती आठवली नाही.

उत्तरेचा_तळ्याकाठी (मिनेसोटा):

बाई, मी मूळ वडोदऱ्याचा, बावीस वर्षं इथे मिनेसोटात आहे. तुम्ही पाहिलेत ते दोन हिवाळे एकामागोमाग यावेत हा विलक्षण योग.

इथलं वनखातं हिवाळ्याची कडकी मोजतं. १ नोव्हेंबर ते ३१ मे, ज्या दिवशी पारा उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेला त्याचा एक गुण, ज्या दिवशी जमिनीवर १५ इंच किंवा जास्त बर्फ होता त्याचा आणखी एक. बेरीज १००च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, १८०च्या वर गेली तर कडक. पुढच्या मोसमात शिकारीचे किती परवाने द्यायचे ते ठरवताना हा आकडा पाहिला जातो.

यात हरणाला मारतो तो मुख्यतः बर्फ, नुसता गारठा नव्हे. पांढऱ्या शेपटीचं हे हरीण थंडीसाठी तयार होऊनच येतं. शरदात ओकची फळं खाऊन चरबी साठवतं, हिवाळी केस पोकळ असतात त्यामुळे ऊब टिकते. एवढंच नाही, समोर चारा असला तरी ते हिवाळ्यात आपणहून खाणं कमी करतं, हालचाल कमी करतं, चरबीवर दिवस काढतं. पण बर्फ छातीला लागला की प्रत्येक पाऊल म्हणजे उडी, आणि प्रत्येक उडी म्हणजे चरबी खर्च. मग ती सगळी सीडरच्या दाटीत गोळा होतात, तिथे बर्फ कमी साचतो, आणि तिथला पाला संपला की अडकतात. पाडसांचं सगळं खाणं शरदापर्यंत वाढण्यात गेलेलं असतं, गाठीला चरबी थोडी. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये, अगदी वसंत दाराशी आला असताना, आधी तीच जातात. शिवाय बर्फावर कडक पापुद्रा धरला की हरणाचा टोकदार खूर आत रुततो आणि लांडग्याचा रुंद पंजा वरून धावतो. आई जगली तरी पोटातल्या पिलाला पोषण कमी पडतं. फाटक्या कानाच्या मादीबरोबर पुढच्या वर्षी एकच पाडस होतं म्हणालात ना? बहुधा त्यामुळेच.

आता आजोबांच्या बोलण्याचा अर्थ. सौम्य हिवाळा हरणाला मानवतो, पण त्याची किंमत दुसरे मोजतात. सर्वांत जास्त मोजतो मूस, म्हणजे हरणांच्या कुळातला तो अजस्र प्राणी. हरणाच्या मेंदूच्या आवरणात एक जंत राहतो, हरणाला त्याचा काही त्रास नाही. हरणाच्या लेंड्यांतून तो गोगलगाईत जातो, पाल्याबरोबर ती गोगलगाय मूसच्या पोटात जाते, आणि मूसचा मेंदू आणि मज्जारज्जू पोखरला जातो. मी एक पाहिला आहे. रस्त्याकडेला मान वाकडी करून गोल गोल फिरत होता, गाड्यांचे हॉर्न त्याला ऐकूच येत नव्हते. हरणं वाढून उत्तरेकडे सरकली की हा जंतही सरकतो.

वर गोचीड. हिवाळी गोचीड शरदात मूसच्या अंगावर चढते आणि हिवाळाभर रक्त पिते, एकेका जनावरावर हजारोंनी. माद्या मार्च-एप्रिलात गळून पडतात. खाली बर्फ असला तर बहुतेक मरतात, उघडी जमीन मिळाली तर अंडी घालतात. मूस झाडाला अंग घासघासून केस काढतो, कातडी फिकी पडते. लोक त्याला भुताचा मूस म्हणतात. इथल्या ईशान्य भागात २००६ला अंदाजे ८,८०० मूस होते, २०१३ला ३,०००च्या आत आले. मग गळती थांबल्यासारखी झाली, पण पूर्वीचे दिवस परतले नाहीत. कारणं अनेक आहेत, पण ही दोन त्यांत ठळक.

बर्फ हे पांघरूणही असतं, हे मला इथे येऊन कळलं. ग्राउस नावाचा तित्तिराच्या जातकुळीचा पक्षी रात्री भुसभुशीत बर्फात सूर मारून आत झोपतो. बाहेर उणे तीस असलं तरी उंदीर बर्फाखालच्या बोगद्यांत शून्याच्या आसपास सुखानं असतात. बर्फ नाही तर पांघरूण नाही. आणि हरणं जास्त झाली की जंगलाची पुढची पिढीच उगवत नाही. म्हातारी सीडर उभी दिसतात, पण त्यांच्याखाली गुडघाभर उंचीचं एकही रोप सापडत नाही, सगळी कोवळेपणीच खाल्लेली.

एक विनंती: यंदा काही घालू नका. पोटाचं डॉक्टरांनी सांगितलंच. शिवाय एका ढिगावर तोंडं गोळा झाली की लाळेतून हरणांना झिजवत नेणारा एक घातक रोग (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) पसरतो. त्याला औषध नाही, म्हणून इथे बऱ्याच जिल्ह्यांत चारा घालायला बंदीच आहे.

कूनोकाठचा (श्योपूर):

मावशी, सशाचं वाचून राहवलं नाही. तो ससा रंग बदलतो ते दिवसाच्या लांबीवरून, बर्फ पाहून नाही. दिवस लहान झाले की पांढरा होणार, मग बर्फ पडो न पडो.

असंच काहीसं आम्ही इथल्या कूनो राष्ट्रीय उद्यानात पाहिलं. २०२२च्या सप्टेंबरात नामिबियातून आणि २०२३च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून चित्ते आणले. तिकडचा हिवाळा जून ते ऑगस्ट. त्यांच्या शरीरातलं घड्याळ तिकडचंच राहिलं आणि इथे ऐन पावसाळ्यात त्यांच्या अंगावर थंडीची दाट लव आली. रेडिओ कॉलरखाली ओल साचली, कातडी चिघळली, जखमांत अळ्या पडल्या. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये तीन चित्ते त्यात गेले. त्या दिवसांत इथे चहाच्या टपरीवरही दुसरा विषय नव्हता. घड्याळ आणि हवा यांची फारकत झाली की काय होतं ते आम्ही असं शिकलो.

आपल्या चितळांचं वेगळं आहे. ती बर्फासाठी चरबी साठवत नाहीत, पाडसं वर्षभर केव्हाही होतात. त्यांचा कसोटीचा काळ मे-जून. थंडी कमी-जास्त झाल्यानं चितळ मरताना मी पाहिलं नाही. आपल्याकडे हिवाळ्यात बघायचा तो मावठा. पौष-माघात मावठ्याच्या दोन सरी आल्या तर गवत ओलं राहतं, नाल्यांच्या डबक्यांत पाणी टिकतं. कोरडा, उबदार हिवाळा गेला की फाल्गुनातच गवत करकरीत होतं आणि चितळं उरलेल्या पाण्याभोवती एकवटतात. बिबट्याला मग शोधायला जावं लागत नाही. नीलगाई आणि काळविटं मोहरी-गव्हात शिरतात आणि शेतकऱ्याची रात्र मचाणावर जाते. ते नुकसानही खरंच आहे, त्याच्याबद्दल जंगलवाल्यांनी कमी बोलू नये.

निवृत्त_बाई:

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू! सगळं वाचून काल रात्री लेकीला फोन केला. मक्याचं अर्धं पोतं अजून गॅरेजमध्येच होतं. ते आज कोंबड्या पाळणाऱ्या ओळखीच्यांकडे जाईल. तिला म्हटलं, शेडमागे सीडरची रोपं आहेत का बघ. ती टॉर्च घेऊन गेली आणि फोनवरच मोजत राहिली. तीन सापडली, सगळ्यात मोठं वीतभर, शेंडा खुडलेला. जावई शनिवारी तिन्हींभोवती जाळी ठोकणार आहेत, आजोबा खांब देणार आहेत.

मी जानेवारीत जाते आहे. फाटक्या कानाची अजून येते म्हणे. सौम्य हिवाळ्यानंतरच्या जूनमध्ये तिला जुळं झालं होतं, त्याचा फोटो लेकीनं मला तेव्हाच पाठवला होता. आता तो पाहताना त्या दोघांच्या मागची झाडंही बघते. खालून कोरी आहेत, छातीच्या उंचीपर्यंत.