राखेमुळे मैत्रिणीच्या घरी दहा रात्री: हे ऋण कसे मानावे?

सांजवात

नमस्कार. आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीच्या राखेमुळे एप्रिल २०१० मध्ये युरोपातील विमाने थांबली, तेव्हा मी, माझे पती आणि सासरे असे तिघे एडिंबरात अडकलो होतो. आमचे परतीचे विमान गुरुवारी, १५ एप्रिलला होते. हिमनदीखालचा उद्रेक आदल्याच दिवशी सुरू झाला होता आणि रात्रीतून स्कॉटलंडवरचे आकाश बंद होत गेले. जिच्याकडे आठवडाभर राहून आम्ही त्याच सकाळी निरोप घेतला होता, त्या मैत्रिणीला विमानतळावरून फोन केला, तेव्हा तिने पुढचा बेत विचारला नाही. "गाद्यांवरच्या चादरी अजून काढलेल्या नाहीत, परत या," एवढेच ती म्हणाली.

घर दोन खोल्यांचे होते आणि त्यात ती, तिचे पती व आठ वर्षांचा मुलगा राहत होते. आम्ही तिथे आणखी दहा रात्री काढल्या, कारण २० तारखेला रात्री आकाश खुले झाले तरी आम्हाला जागा मिळाली ती थेट २५ तारखेच्या विमानात. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस पुरतील एवढ्याच उरल्या होत्या; कामावर जाण्याआधी ती त्यांना आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, तात्पुरते रुग्ण म्हणून त्यांची नोंद करून घेतली आणि गोळ्या आणल्या. स्वतःची झोपायची खोली आम्हाला देऊन ते तिघे बैठकीत जमिनीवर झोपत असत. निघताना आम्ही पैशांचा विषय काढला, तर तिचे डोळे भरून आले आणि तो विषय तिथेच थांबला.

आमच्या राहण्याची सोय करणे ही विमान कंपनीची जबाबदारी होती, हे पुष्कळ उशिरा समजले. तेव्हापासून मनात प्रश्न आहे की, हक्काची सोय असताना मैत्रिणीवर दहा दिवसांचा भार टाकणे योग्य होते का, आणि असे ऋण कसे मानावे? अडकलेल्यांनी आणि ज्यांनी घर उघडले त्यांनीही कृपया आपला अनुभव लिहावा.

पाहुणचार

सांजवातताई, मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण त्या दिवसांत लंडनच्या पश्चिमेला आमच्या घरी पाच जण अडकून राहिले होते. एरवी हीथ्रोकडे उतरणारी विमाने आमच्या छपरावरून मिनिटामिनिटाला जात. ती थांबल्यावर पहिल्या सकाळी त्या शांततेनेच मला जाग आली. आकाश इतके निळे आणि निरभ्र होते की कुठे राख आहे यावर विश्वास बसत नव्हता, आणि पाहुण्यांची घालमेल त्यामुळेच अधिक वाढत होती.

यजमानाला जड जाते ते स्वयंपाक किंवा अंथरुणे नव्हेत. ते दोन दिवस राहतील की दोन आठवडे, हे कोणीच सांगू शकत नाही, तेव्हा घराची घडी बसवता येत नाही. नवी सूचना साधारण दर सहा तासांनी येई आणि प्रत्येक सूचनेआधी आमचे पाहुणे सामान बांधून, बूट घालून सोफ्यावर बसत, म्हणजे आम्हाला त्रास नको. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या बॅगा उघडून कपडे कपाटात लावले आणि दुपारच्या पोळ्या तुम्ही करा असे सांगितले, तेव्हा कुठे सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. पाहुण्यांनी संकोच सोडणे ही यजमानाला मिळालेली मोठी मदत असते, असे मला मनापासून वाटते. तुमचे सासरे दिवसभर काय करत असत? आमच्याकडच्या आजोबांना काही काम नव्हते आणि त्यांचेच मला सर्वांत वाईट वाटे.

तंत्रज्ञ

विमानांच्या देखभालीत माझे आयुष्य गेले आहे, म्हणून ही अनिश्चितता कुठून आली ते लिहितो, कारण सामान्य प्रवाशांना ती यंत्रणेची दिरंगाई वाटली होती.

ज्वालामुखीची राख म्हणजे जळलेल्या लाकडाची राख नव्हे. ती खडकाची आणि काचेची बारीक, धारदार पूड असते. एयाफ्यात्लायोकुत्लमध्ये तप्त शिलारस बर्फाच्या पाण्याला भिडून क्षणात थिजला आणि फुटला, त्यामुळे ही पूड विशेषच बारीक झाली व कित्येक किलोमीटर उंच गेली. वरच्या वाऱ्यांची दिशा त्या आठवड्यात नेमकी युरोपकडे होती. ही राख सुमारे ११०० अंश सेल्सियसला वितळते, आणि जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातील उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. आत गेलेली राख वितळते, पुढे टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी चिकटते आणि हवेचा मार्ग कोंडते. विमानातील हवामानाचे रडार पाण्याचे थेंब टिपते, कोरडी बारीक राख त्यावर दिसत नाही.

२४ जून १९८२ रोजी इंडोनेशियातील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ची चारही इंजिने रात्रीच्या अंधारात बंद पडली. ३७,००० फुटांवरून विमान तरंगत खाली आले, सुमारे १३,००० फुटांच्या आसपास इंजिने पुन्हा सुरू झाली, आणि कॅप्टन एरिक मूडी यांनी राखेने खरवडून धूसर झालेल्या काचेतून पाहत ते जकार्ताला उतरवले. १५ डिसेंबर १९८९ रोजी अलास्कातील रिडाउट ज्वालामुखीजवळ केएलएमच्या विमानाचीही चारही इंजिने बंद पडली होती. तेही सुखरूप उतरले. या अनुभवांतून "राख असेल तिथे जायचे नाही" हा दंडक तयार झाला, पण किती राख चालेल याचा आकडा २०१० पर्यंत ठरलेला नव्हता. युरोपच्या गजबजलेल्या आकाशात राखेला वळसा घालायलाही जागा नव्हती. चाचणी उड्डाणे आणि इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांशी बोलणी झाल्यावर घनमीटरमागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा मान्य झाली, आणि मगच २० एप्रिलला ब्रिटनचे आकाश खुले झाले. तोवर साधारण एक लाख उड्डाणे रद्द झाली होती. कधी निघता येईल याचे उत्तर खरोखरच कोणाकडे नव्हते, आणि ते न मागता आपल्या मैत्रिणीने तुम्हाला घरात घेतले, याचे मोल मला फार वाटते.

अक्षरमित्र

भावनेचा भाग इतरांनी लिहिला आहे, मी हक्काचा लिहितो. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू होतो, मग कंपनी कोणत्याही देशाची असो. ब्रिटन तेव्हा संघात असल्याने एडिंबराहून निघणारे आपले विमानही त्यात येत होते. उद्रेक ही असाधारण परिस्थिती असल्यामुळे नुकसानभरपाई मिळत नाही, परंतु पुढचे विमान मिळेपर्यंत जेवण आणि निवास देणे कंपनीला बंधनकारक राहते. तिकिटाचे पैसे परत घेतले तर मात्र हा हक्क संपतो, आणि घाईघाईत पैसे परत घेऊन अनेकांनी तो गमावला. आपण काय केले होते?

"एवढ्या मोठ्या संकटात आम्ही किती दिवस खर्च करायचा" हा एका कंपनीचा युक्तिवाद लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयात गेला होता. फारो ते डब्लिन प्रवासात अडकलेल्या एका प्रवासी महिलेने सुमारे १,१३० युरो मागितले होते. ३१ जानेवारी २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले की या जबाबदारीला दिवसांची किंवा रकमेची मर्यादा नाही; खर्च मात्र आवश्यक आणि वाजवी हवा. माझे मत स्पष्ट आहे: मित्राकडे जरूर राहावे, पण आधी कंपनीकडे लेखी मागणी करावी आणि पावत्या जपाव्यात, म्हणजे निदान किराणा आणि औषधे यांचा खर्च मित्राच्या खिशातून जाणार नाही.

वाटसरू

अक्षरमित्र यांचे म्हणणे कागदावर बरोबर आहे, परंतु त्या आठवड्यात हॉटेलेच भरलेली होती. माझी स्थिती आणखी वेगळी होती. मी फ्रँकफर्टला विमान बदलणार होतो आणि माझ्याकडे जर्मनीचा व्हिसा नव्हता, त्यामुळे विमानतळाच्या आतल्या भागातून बाहेर पडता येत नव्हते. मी पाच रात्री घडीच्या खाटेवर काढल्या. माझा शाळेपासूनचा मित्र त्या शहरात, तासाभराच्या अंतरावर राहत होता, आणि तरीही आम्ही एकमेकांना पाहू शकलो नाही.

त्याने काय केले ते सांगतो. आत आमच्यासाठी दोनच खिडक्या होत्या आणि रांग संपत नव्हती, म्हणून तो बाहेरच्या दालनातील तिकीट खिडकीसमोर सलग दोन दिवस उभा राहिला. माझा तिकीट क्रमांक त्याने हातावर लिहून घेतला होता, आणि खिडकीपाशी पोहोचल्यावर त्याने फोन माझ्याशी जोडून कर्मचाऱ्याच्या हाती दिला. २२ तारखेच्या विमानातली जागा मला अशी मिळाली. आम्ही दोघे एकाच इमारतीत, एका भिंतीच्या दोन बाजूंना होतो. त्याने मला जेवण दिले नाही, अंथरूण दिले नाही, तरी कोणाचे उपकार आठवायचे म्हटले की मला त्या रांगेतले त्याचे दोन दिवस आठवतात. सांजवातताई, आपली मैत्रीण हिशेब ठेवत नसेल याची मला खात्री वाटते, पण त्या दिवसांबद्दल आपण तिच्याशी पुन्हा कधी बोललात का?

सांजवात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अक्षरमित्र, आम्ही पैसे परत घेतले नव्हते, त्यामुळे हक्क शाबूत होता. पण पावत्या होत्या त्या फक्त बसच्या भाड्याच्या आणि दोन दिवसांच्या जेवणाच्या, आणि तेवढेच पैसे मिळाले. किराण्याच्या पावत्या मैत्रिणीने आम्हाला कधी दिसूच दिल्या नाहीत.

वाटसरू यांचा प्रश्न वाचून काल तिला फोन केला. इतक्या वर्षांत आम्ही त्या दिवसांबद्दल खरोखर कधी बोललो नव्हतो. मी संकोचाने टाळत होते आणि तिला वाटे की त्या दिवसांची आठवण आम्हाला त्रासाची असेल. तिला गोळ्यांचे आठवत नव्हते आणि जमिनीवर झोपल्याचेही नाही.

'पाहुणचार' यांनी सासऱ्यांबद्दल विचारले होते. ते रोज दुपारी, मुलगा शाळेतून आला की त्याला बुद्धिबळ शिकवत असत, आणि निघायच्या आदल्या रात्री त्यांनी सुरुवातीच्या काही चाली एका कागदावर देवनागरीत लिहून दिल्या होत्या. सासरे आता नाहीत. तो मुलगा आता नोकरी करतो. मैत्रिणीने त्याला विचारले, आणि आज सकाळी त्याने त्या कागदाचा फोटो मला पाठवला. चौथ्या ओळीत सासऱ्यांनी "घोडा" खोडून "उंट" केले आहे, आणि अक्षर त्यांचेच आहे.