मदत हवी आहे: लांब इंग्रजी शब्द आवाजावर तोडायचा की अर्थावर?

नमस्कार मंडळी, कोल्हापूरच्या राजारामपुरीत सहावीच्या सेमीच्या पोरांची शिकवणी घेतो. लांब शब्द आला की पोरं पहिली चार अक्षरं बघून पुढचं अंदाजानं ठोकून देतात, म्हणून तोडून वाचायला लावलं. हनुवटीखाली हात धरायचा, जबडा जितक्यांदा खाली तितके सिलेबल (आवाजाचे तुकडे), हे जमतंय. प्रीफिक्स-सफिक्स, म्हणजे मूळ शब्दाच्या आधी-नंतर जोडलेले अर्थाचे तुकडे, तेपण ओळखतात. घोळ होतोय तो दोन्ही एकत्र आले की. ट्रान्सपोर्टेशन घ्या, आवाजानं ट्रान्स-पोर-टे-शन म्हणजे टी पुढच्या तुकड्यात गेला, अर्थानं मात्र ट्रान्स, पोर्ट आणि एशन. हेलिकॉप्टरचं तर विचारूच नका, ग्रीक मुळं हेलिको आणि प्टर, प्टर म्हणजे पंख, आता नुसतं प्टर कुठलं पोरगं बोलणार ओ! डिक्शनरीत ठिपके देऊन सिलेबल दाखवलेत पण त्यातनं मूळ शब्द कळत नाही. ओळीच्या शेवटी हायफन कुठं द्यायचा हे नकोय, वाचन आणि स्पेलिंग सुधारायचंय. अ‍ॅप सुचवू नका, पोरांकडं मोबाईल नाहीत, फळा आणि खडू एवढंच आहे. तर आधी अर्थाचे तुकडे पाडून मग सिलेबल मोजायला लावू की उलटं, आणि ट्रान्सपोर्टेशनचा टी वहीत नेमका कुठल्या तुकड्यात लिहून घेऊ?