काकांच्या गोळ्या (कुटुंबाच्या ग्रुपवरून)

सुनीताकाकू (एडिसन, न्यू जर्सी): मंदार, ओळखीतलं कोणी इकडे यायचं आहे का रे? ह्यांच्या डायबेटिसच्या विल्डाग्लिप्टिन-मेटफॉर्मिनच्या स्ट्रिप्स आणि बीपीच्या टेल्मिसार्टन पाठवायच्या होत्या. आहेत त्या फेब्रुवारीपर्यंत पुरतील.

मंदार (सांगली): पाठवतो काकू, पण हिशेब लागत नाही. माझ्या औषधांच्या दुकानातून मीच बांधून दिलं होतं, डिसेंबरात संपायला हवं. फेब्रुवारीपर्यंत कसं पुरतंय?

सुनीताकाकू: रात्रीची गोळी एक दिवसाआड घेतात. इथे गोड कुठे एवढं खाणं होतं, म्हणतात.

निखिल (एडिसन): काय?? आई, मला हे माहीतच नाही!

अप्पा (पुणे): पण ग्रीन कार्ड झालंय ना? तिकडे म्हाताऱ्यांना सगळं सरकारच देतं. परवा एक व्हिडिओ आला होता, बाहेरून आलेली माणसं अमेरिकेचा दवाखान्याचा पैसा खाऊन टाकतात म्हणे.

वैशाली (शिकागो): अप्पा, तो व्हिडिओ पुढे पाठवू नका. मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्येच काम करते. १९९६ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्डवाल्या बहुतेक मोठ्या माणसांना पहिली पाच वर्षं मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, मिळत नाही. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, तोही पासष्टी उलटली म्हणून आपोआप लागत नाही. इथे नोकरी केलेली नसेल तर आधी पाच वर्षं राहायचं, मग हप्ता भरून विकत घ्यायचं. नुसत्या पार्ट एचा, म्हणजे हॉस्पिटलात भरती होण्याच्या भागाचा, पूर्ण हप्ता २०२५ मध्ये महिन्याला ५१८ डॉलर होता.

आणि खर्चाचं म्हणाल तर १९९८ च्या आकड्यांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये आला होता. बाहेरून आलेल्या माणसामागे आरोग्यावर वर्षाला ११३९ डॉलर खर्च, इथे जन्मलेल्यामागे २५४६. निम्म्याहूनही कमी! मेडिकेअरच्या निधीत तर २००२ ते २००९ मध्ये बाहेरून आलेल्यांनी घेतलं त्यापेक्षा ११५ अब्ज डॉलर जास्त भरले. निखिलच्या पगारातून दर महिन्याला मेडिकेअरचा कर कापला जातो, विचारा त्याला.

अप्पा: म्हणजे आपली माणसं जास्त ठणठणीत म्हणायची.

वैशाली: थोडं तेही आहे. येतात ती बरीचशी तरुण आणि धडधाकट. पण विमा नाही, डॉक्टरशी बोलायची पंचाईत, बिलाची धास्ती, हेही त्यात आलंच. शिवाय सुटकेसमधून आलेल्या गोळ्या इथल्या दुकानाच्या बिलात कुठून दिसणार? काकांनी गोळी चुकवली की कागदावर खर्च कमीच दिसतो. त्याला तब्येत चांगली म्हणायचं का?

मंदार: अगदी बरोबर. सगळ्यांनी नीट वाचा. विल्डाग्लिप्टिनला अमेरिकेत मान्यताच नाही, त्यामुळे कितीही शोधलं तरी तिथल्या दुकानात मिळणार नाही. आपल्याकडे २०१९ च्या शेवटी पेटंट संपलं आणि भाव धाडकन खाली आले, म्हणून इथे डॉक्टर सर्रास लिहितात. त्याच जातीची तिकडची गोळी म्हणजे जानुव्हिया. तिची छापील किंमत २०२३ मध्ये महिन्याला ५२७ डॉलर होती. सरकारने घासाघीस करून २०२६ पासून ११३ केली, पण ती मेडिकेअरवाल्यांसाठी. काकांना त्याचा काय उपयोग?

मेटफॉर्मिन मात्र वॉलमार्टच्या यादीत ४ डॉलरला महिनाभराचं मिळायचं, विम्याशिवाय. तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी हवी. बीपीची लिसिनोप्रिलही तशीच स्वस्त, आणि बाटलीवर बऱ्याचदा आपल्या मुंबईच्याच ल्युपिन कंपनीचं नाव असतं. टेल्मिसार्टनऐवजी ती चालेल का, हे डॉक्टर ठरवतील. मनाने बदलू नका.

निखिल: बाबांसाठी विमा बघितला होता. त्या वयाला हप्ता ऐकूनच ते नको म्हणाले. "तुझ्या खिशाला चाट नको."

अप्पा: लहानपणापासून तसाच आहे. तापाने फणफणला तरी दवाखान्याचं नाव काढायचा नाही.

मंदार: आणि काकू, दुसऱ्याच्या बॅगेत काकांच्या नावाची औषधं देणं मला पटत नाही. स्वतः येताना मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, साधारण तीन महिन्यांची आणली तर निदान विचारल्यावर उत्तर देता येतं. कुरिअर तर नकोच.

वैशाली: निखिल, तुमच्या भागातलं कम्युनिटी हेल्थ सेंटर शोध. सरकारी अनुदानावर चालतात ती. उत्पन्न बघून फी घेतात आणि विमा नाही म्हणून परत पाठवत नाहीत. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, तिथेच करून घे.

शरदकाका (एडिसन): मी पण ह्या ग्रुपवर आहे बरं का.

मंदार: बरं झालं! काका, आज उपाशीपोटी साखर किती आली?

शरदकाका: मशीनच्या पट्ट्या संपल्यात.

निखिल: कधीपासून, बाबा?

शरदकाका: गणपतीपासून.

सुनीताकाकू: बघा आता! मला सांगत होते रोज बघतो म्हणून.

निखिल: पट्ट्या आत्ताच घेऊन येतो. हेल्थ सेंटरची वेळ गुरुवारची मिळतेय, मी सुट्टी टाकतो. मंदारदादा, आधीची चिठ्ठी तुझ्याकडे आहे का?

मंदार: दुकानात फाइल आहे, संध्याकाळी फोटो पाठवतो. काकू, सध्याच्या स्ट्रिपचा मागच्या बाजूचा फोटो टाका, औषधाचं मूळ नाव दिसेल असा. आणि काका, डॉक्टर बदलून देईपर्यंत रात्रीची गोळी रोज.